पन्हाळा, गगनबावडा की राधानगरी? सहलीसाठी गाडी ठरवण्यापूर्वी

डोंगर पाहून त्याच दिवशी परतण्यासाठी आमच्याकडे गाडी ठरवणारे बरेच ग्राहक सकाळी पन्हाळा, दुपारी जोतिबा, संध्याकाळी गगनबावडा आणि जमल्यास येता येता राधानगरी, अशी यादी घेऊन येतात. पन्हाळा व जोतिबा कोल्हापूरच्या वायव्येस, गगनबावडा पश्चिमेस आणि राधानगरी नैऋत्येस असून या वाटा पसरलेल्या बोटांसारख्या शहरातूनच फुटतात. एका बोटावरून दुसऱ्यावर जायचे तर बहुधा पुन्हा तळव्याशी यावे लागते. म्हणून एका दिवसात एकच वाट धरावी, अशी आमची विनंती असते. कोणती वाट धरायची, हे मात्र महिना पाहून ठरवावे.

पन्हाळा सुमारे २० किलोमीटरवर असल्यामुळे तो दोन तासांत उरकतो, असा समज आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात उभारलेला हा गड २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. तीन दरवाजा, त्याच्या शेजारची अंधार बाव, गंगा, यमुना व सरस्वती या नावांची अंबरखान्यातील धान्यकोठारे आणि पूर्वेच्या कड्यावरील सज्जा कोठी एवढेच नीट पाहायचे म्हटले तरी अर्धा दिवस जातो. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १६६० सालच्या जुलैमध्ये रात्रीच्या पावसात ज्या बाजूने बाहेर पडले, ती राजदिंडी पाहण्यास बहुतेक पर्यटक जातच नाहीत. आमच्या मते पन्हाळ्यावर आधी पाहावी ती तीच जागा. तिथून मसाई पठारामार्गे पावनखिंडीपर्यंत पायी जाणाऱ्या गटांना पन्हाळ्यावर सोडून दुसऱ्या दिवशी पांढरपाणी येथून घेण्याची व्यवस्था आम्ही करतो. मसाई पठारावरील रानफुलांसाठी सप्टेंबरचा काळ चांगला. जोतिबा याच दिवशी जोडता येतो, मात्र रविवारी आणि चैत्र यात्रेच्या काळात जोडू नये. गुलालाने माखलेले कपडे बदलूनच गाडीत बसावे, एवढे सहकार्य अपेक्षित आहे, कारण बैठकीच्या कापडातून गुलाल अनेक धुण्यांनंतरही जात नाही.

गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी धारेवर आहे. समुद्रावरून येणारे ढग या भिंतीला अडून वर चढतात व तिथेच रिते होतात, त्यामुळे शहरात रिमझिम असतानाही गगनबावड्यात पाऊस कोसळत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या गगनगड किल्ल्यावर गेल्यास कोकणाऐवजी केवळ धुके दिसण्याची तयारी ठेवावी. खालचे कोकण पाहायचे असेल, तर पावसानंतरचे महिने निवडावेत. गावापासून दोन घाट उतरतात : करूळ घाट वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाट खारेपाटणकडे. घाट उतरून परत येण्याचा बेत असल्यास तसे आधी सांगावे, कारण अंतर, वेळ आणि भाडे या तिन्हींत फरक पडतो. दरड कोसळल्यास हे घाट बंद होतात आणि तशी सूचना असताना आम्ही गाडी खाली उतरवत नाही.

पावसाळ्यात खरी अडचण घाटापेक्षा अलीकडच्या सपाट रस्त्यावर येते. कुंभी नदीच्या पुराचे पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आले की गगनबावड्याची वाहतूक थांबते. पूर वाढल्यास पन्हाळ्याकडे नेणाऱ्या रत्नागिरी रस्त्यावर केर्ली येथेही तीच गत होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले की आम्ही स्वतःहून ग्राहकांना कळवतो व तारीख बदलून देतो. हिवाळ्यात अडथळा उसाचा असतो : कुडित्रे आणि परिते येथील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्यांच्या रांगेत अर्धा तास सहज जातो. त्यामुळे या दिवसांत सकाळी सहाला निघणे सोयीचे ठरते.

राधानगरीच्या वाटेवर शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काम सुरू केलेले धरण लागते. त्याचे ७ स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. ते कोणत्या दिवशी उघडतील, हे आम्ही सांगू शकत नाही, तरी दरवर्षी हा प्रश्न आम्हाला विचारला जातोच. पुढे दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध असून शहरापासून तिथपर्यंतचे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. जंगल सफर पावसाळ्यात बंद असते. गवे दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात, पहाटे किंवा दिवस कलताना पाणवठ्यांजवळ अधिक असते. गवा शांत चरताना दिसला तरी गाडीतून उतरू नये. आतील कच्च्या वाटांवर आमची गाडी नेली जात नाही, तिथे वन विभागाच्या नियमांनुसार वेगळे वाहन घ्यावे लागते आणि त्याचा खर्च आमच्या भाड्यात धरलेला नाही. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहण्यासाठी जाणाऱ्यांनी मुक्कामाच्या हिशेबानेच गाडी ठरवावी.

प्रवेश व पार्किंगचे शुल्क ग्राहकाने द्यावयाचे असते. रस्ता बंद झाल्यामुळे सहल रद्द झाल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळते. केवळ पाऊस पडत आहे म्हणून रद्द केल्यास मात्र परत मिळत नाही. घाटात धुके दाट झाल्यास मागे फिरण्याचा निर्णय चालकाचा राहील आणि त्या वेळेपर्यंत झालेल्या किलोमीटरचेच भाडे आकारले जाईल.