कारण हरवलेली भीती
जिनिव्हातील मानसशास्त्रज्ञ एडुआर क्लापारेद यांच्याकडे स्मृतिभ्रंश झालेली एक महिला होती. तिला रोज भेटणारे डॉक्टरही रोज नव्यानेच भेटत. एकदा क्लापारेद यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. थोड्याच वेळात ती टोचणी साफ विसरली, पण त्यांनी पुन्हा हात पुढे करताच तिने आपला हात मागे घेतला आणि का घेतला, हे मात्र तिला सांगता येईना. 1911 साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाही. तरीही ‘उगाचच जीव घाबरतो’ असे कोणी म्हटले की मला तीच टाचणी आठवते.

घटना लक्षात ठेवण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पसकडे असते, तर धोक्याची खूण शिकण्याचे काम प्रामुख्याने अमिग्डालाकडे. त्यामुळे प्रसंग विसरला तरी त्याची धास्ती शिल्लक राहू शकते आणि एखादा वास किंवा आवाज तिला नकळत जागे करतो.

अर्थात प्रत्येक हुरहुरीमागे जुनी जखम शोधू नये. थायरॉइडची अतिक्रिया, अपुरी झोप, दम्याची काही औषधे आणि आपला लाडका चहा यांनीही छाती धडधडते. कॅफीनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण 5 तास लागतात. धडधड आधी सुरू होते आणि मग मन तिच्यासाठी कार्यालयातील काम, मुलांची परीक्षा असे हाताशी येईल ते कारण चिकटवते. म्हणून ‘असे का होते?’ यापेक्षा ‘केव्हा होते?’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. वेळ, झोप, खाणेपिणे यांची दोन आठवडे नोंद ठेवावी आणि डॉक्टरांना विचारून थायरॉइडची तपासणी करावी. चिंता 6 महिने बहुतेक दिवस टिकली, तर तिच्यावर बोधात्मक वर्तनोपचार (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) व औषधे असे परिणामकारक उपाय आहेत; ‘टेलिमानस’ची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत दूरध्वनी सेवा अहोरात्र चालू असते.

भीतीची लाट आली असता श्वास सावकाश, लांबवर सोडावा आणि शक्यतो जागा सोडून पळू नये, कारण आपण निघून गेलो की ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढेच मेंदू शिकतो. थांबल्याने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर सुरक्षिततेचा नवा धडा चढतो. म्हणूनच दमलेल्या किंवा तणावाच्या दिवसांत ती पुन्हा डोके वर काढते, आणि त्यामुळे आधीचे उपचार वाया गेले, असे होत नाही.