सार्वजनिक डीएनएस

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील आकडी पत्ता) शोधण्याचे, म्हणजेच डीएनएसचे, काम इंटरनेट सेवादात्याच्या सर्व्हरऐवजी सर्वांना खुल्या असलेल्या त्रयस्थ सर्व्हरकडून करून घेण्याची पद्धत. जोडणी शाबूत असून ८.८.८.८ ला (गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता) पिंग केल्यास, म्हणजे चाचणीचा छोटा संदेश पाठवल्यास, उत्तर येते, पण ब्राउझरमध्ये नाव टाकून एकही पान उघडत नाही, अशा वेळी दोष बहुधा सेवादात्याच्या डीएनएसमध्ये असतो.

या पद्धतीचा आरंभ कधीपासून धरावा, याविषयी एकमत नाही. पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची मांडणी १९८३ मध्ये केली. आजही आधारभूत असलेली आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) १०३४ व १०३५ ही मानके १९८७ ची आहेत. त्यांत परक्या सर्व्हरला प्रश्न विचारण्यास मज्जाव नव्हता. एका अमेरिकी सेवादात्याच्या जाळ्यातील ४.२.२.२ हा पत्ता साधारणतः १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तंत्रज्ञांच्या तोंडी होता आणि काही जण तोच पहिला सार्वजनिक डीएनएस मानतात. मात्र तो मुळात त्या जाळ्याच्या ग्राहकांसाठी होता, इतरांना तो केवळ बंद केलेला नव्हता, इतकेच. जाहीरपणे सर्वांसाठी चालवलेली सेवा ही कसोटी लावल्यास २००६ मधील ओपनडीएनएसपासून गणना करणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे गूगल (डिसेंबर २००९), क्वाड९ (२०१७) आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ (एप्रिल २०१८) या सेवा आल्या.

सेवादात्यांच्या डीएनएसविषयी सर्व्हर वारंवार बंद पडणे याखेरीज आणखी एक तक्रार जुनी आहे. अस्तित्वात नसलेले नाव टाकल्यास ‘असे नाव नाही’ हे उत्तर देण्याऐवजी अनेक सेवादाते जाहिरातींच्या पानाचा पत्ता देत. (ओपनडीएनएसही २०१४ पर्यंत हेच करीत असे.)

डीएनएस सर्व्हरच्या पत्त्याचा बदल राउटरमध्ये केल्यास तो सहसा घरातील सर्व उपकरणांना लागू होतो. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ या पर्यायात आकडी पत्त्याऐवजी सर्व्हरचे नाव भरावे लागते, कारण तेथे विचारणा कूटबद्ध होऊन पोर्ट (वाहतुकीचे क्रमांकित दार) ८५३ वरून जाते. साधी विचारणा पोर्ट ५३ वरून उघडी जात असल्याने सेवादाता ती वाटेत अडवून स्वतःच्याच सर्व्हरकडे वळवू शकतो, आणि मग पत्ता बदलूनही उत्तर देणारा तोच राहतो. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटरवर बंदी आली, तेव्हा ती चुकवण्याचा मार्ग म्हणून ८.८.८.८ हे आकडे भिंतींवर रंगवले गेले. त्यानंतर काही दिवसांतच तेथील सेवादात्यांनी त्या पत्त्याकडे जाणारी वाहतूक आपल्याकडे वळवली.

पत्ता सापडल्यानंतरची माहितीची ने-आण डीएनएसमधून होत नाही; त्यामुळे डाउनलोडचा वेग वाढतो हा समज चुकीचा आहे, पान उघडण्यापूर्वीचा खोळंबा तेवढा कमी होतो. उलट, मोठी संकेतस्थळे विचारणा करणाऱ्या डीएनएस सर्व्हरच्या ठिकाणावरून ग्राहकाला जवळचा सर्व्हर नेमून देतात, त्यामुळे त्रयस्थ डीएनएस दूर असल्यास चित्रफिती लांबच्या सर्व्हरवरून येऊ शकतात. यावर आरएफसी ७८७१ (२०१६) मध्ये ग्राहकाच्या आयपी पत्त्याचा काही भाग पुढे कळवण्याची तरतूद वर्णिली आहे. गूगल ती वापरते, क्लाउडफ्लेअर मात्र गोपनीयतेच्या कारणास्तव टाळते. कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातील नावे सार्वजनिक डीएनएसला ठाऊक नसतात.