उपकरण विकणारी कंपनी आणि माहिती सांभाळणारी कंपनी: दडपशाही सरकारांशी होणारे दोन वेगळे व्यवहार

ऑक्टोबर २०११ मध्ये ‘टेलिकॉमिक्स’ या इंटरनेट कार्यकर्त्यांच्या गटाने सीरियातल्या इंटरनेट फिल्टरच्या नोंदी उघड केल्या आणि ते फिल्टर ‘ब्लू कोट’ या अमेरिकी कंपनीचे असल्याचं जगाला कळलं. त्याच्या काही वर्षं आधी, २००४ मध्ये, चिनी पोलिसांनी ‘याहू’कडे एका ईमेल खात्याची माहिती मागितली होती. ती मिळाली आणि शी ताओ या पत्रकाराला एप्रिल २००५ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही प्रकरणांची बातमी एकच होते: अमुक कंपनीने जुलमी सरकारला मदत केली. पण पहिल्या प्रकरणात कंपनीने वस्तू विकली होती, तर दुसऱ्यात लोकांनी विश्वासाने ठेवलेली माहिती दिली होती.

हा फरक पाहिला नाही, तर जाब चुकीच्या वेळी विचारला जातो. विकणाऱ्या कंपनीला अडवायची वेळ करारावर सही होण्याआधीची असते आणि नंतर देखभालीपुरतीच उरते. सांभाळणाऱ्या कंपनीचा कळीचा निर्णय पहिली सरकारी नोटीस येण्याच्या कितीतरी आधी होऊन जातो. सर्व्हर कुठल्या देशात ठेवायचे, सांकेतिक केलेली माहिती उघडणाऱ्या किल्ल्या कुणाकडे आणि स्थानिक कार्यालयात कोण बसणार, हे ठरतं तेव्हाच तो झालेला असतो.

विकणारी कंपनी

इथे माल म्हणजे नेटवर्कमधून जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, उघडून पाहणारी यंत्रणा, वेबसाइट अडवणारा प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, फोन टॅप करणारं केंद्र किंवा थेट मोबाइलमध्ये शिरणारं स्पायवेअर. अडचण अशी, की यातल्या बऱ्याच वस्तूंना साधा उपयोगही असतो. ज्या यंत्रणेने मोबाइल कंपनी व्हिडिओचा भार आटोक्यात ठेवते, तिनेच एखाद्या संकेतस्थळाचा वेग इतका कमी करता येतो की ते उघडतच नाही. त्यामुळे ‘आम्ही फक्त नेटवर्क व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर विकलं’ हा बचाव खोटा नसला, तरी अपुरा असतो. खरेदी करणाऱ्याने कोणते मॉड्यूल मागवले, प्रशिक्षण कुणाच्या माणसांना दिलं आणि उपकरण कुठे बसलं, हे पाहिलं की हेतू बराचसा कळतो. एका मोबाइल कंपनीच्या जाळ्यात बसलेली यंत्रणा आणि देशाच्या आंतरराष्ट्रीय जोडणीच्या तोंडाशी बसलेली यंत्रणा, यांचं काम सारखं नसतं.

माल सहसा थेट जात नाही. निर्माता, प्रादेशिक वितरक, स्थानिक ठेकेदार आणि शेवटी सरकारी खातं अशी साखळी असते आणि गडबड मधल्या कड्यांत होते. ब्लू कोटची उपकरणं दुबईतल्या ‘कॉम्प्युटरलिंक्स’ या वितरकामार्फत गेली. माल इराक आणि अफगाणिस्तानसाठी असल्याचं या वितरकाने सांगितलं होतं. अमेरिकी वाणिज्य खात्याने २०१३ मध्ये त्याला २८ लाख डॉलरचा दंड केला. माल शेवटी कोण वापरणार हे लिहून देणारं ‘अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र’ हा शेवटी एक कागदच असतो, बसवलेली जागा कुणी जाऊन पाहिली नाही तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय अशी उपकरणं ठरावीक काळाने कंपनीच्या सर्व्हरला स्वतःहून संदेश पाठवतात, परवाना तपासतात, नव्या याद्या उतरवून घेतात. संदेश कुठल्या देशातून येतोय हे कंपनीच्या नोंदीत असतं. ‘माल कुठे गेला ते आम्हाला माहीत नव्हतं’ असं सांगणाऱ्या कंपनीला म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारावा: त्या नोंदी तुमच्याकडे कोण तपासतं?

या व्यवहाराला लागणारा कायदा मुख्यतः निर्यातीचा. शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘वासेनार’ या बहुराष्ट्रीय कराराच्या यादीत डिसेंबर २०१३ मध्ये दोन गोष्टी आल्या: घुसखोरी करणाऱ्या सॉफ्टवेअरशी संबंधित यंत्रणा आणि इंटरनेट वाहतुकीवर मोठ्या प्रमाणात पाळत ठेवणारी यंत्रणा. हा करार सदस्य देशांना कायद्याने बांधत नाही, परवाना द्यायचा की नाही हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो आणि चीन तर त्याचा सदस्यच नाही. युरोपीय संघाचा सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेला नियम एक पाऊल पुढे आहे. वस्तू यादीत नसली, तरी ती अंतर्गत दडपशाहीसाठी वापरली जाणार असल्याचं स्वतःच्या तपासणीत लक्षात आलं, तर निर्यातदाराने ते सरकारला कळवायला हवं. यातली फट उघड दिसते. जो तपासणीच नीट करत नाही, त्याच्या काही लक्षातही येत नाही.

परवाना असणं म्हणजे व्यवहार स्वच्छ असणं, असंही नाही. स्पायवेअर विकणाऱ्या इटलीच्या ‘हॅकिंग टीम’ कंपनीची सुमारे ४०० जीबी अंतर्गत माहिती जुलै २०१५ मध्ये फुटली. त्यात सुदान आणि इथिओपियाच्या सरकारी संस्था ग्राहक म्हणून दिसल्या, आणि इटलीने कंपनीचा सरसकट निर्यात परवाना काढून घेतला तो त्यानंतर, २०१६ मध्ये. फौजदारी जबाबदारी तर त्याहून सावकाश येते. ‘अमेसिस’ या फ्रेंच कंपनीने गद्दाफीच्या लिबियाला ‘ईगल’ नावाची पाळत यंत्रणा पुरवली, तो करार २००७ चा. छळात सहभागी असल्याचे औपचारिक आरोप फ्रान्समध्ये ठेवले गेले २०२१ मध्ये.

सांभाळणारी कंपनी

ईमेल, क्लाउड, समाजमाध्यमं, मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाबतीत सरकार काही विकत घेत नाही, मागतं. मागणी बहुतेकदा कागदावर येते आणि तो कागद नीट वाचणं हे अर्धं काम असतं. मागणाऱ्या अधिकाऱ्याचं पद काय आहे? कुठल्या कलमाखाली मागितलंय? नोटीस कंपनीच्या नेमक्या कुठल्या संस्थेच्या नावे आहे, स्थानिक उपकंपनीच्या की परदेशातल्या मूळ कंपनीच्या? खातं आणि कालावधी नेमका दिलाय, की ‘सर्व संबंधित माहिती’ असं मोघम लिहिलंय? मोघम असेल तर ती परत पाठवून नेमकी करून मागायची, मिळेल त्या किमान कालावधीपुरतीच उत्तरं द्यायची, प्रत्येक मागणीची नोंद ठेवायची आणि कायद्याने मनाई नसेल तर वापरकर्त्याला कळवायचं.

शी ताओच्या प्रकरणात नेमकं इथेच चुकलं. १९८९ मध्ये बीजिंगच्या तियानानमेन चौकात आंदोलन चिरडलं गेलं, त्याच्या १५ व्या स्मरणदिनाच्या बातम्यांबाबत सरकारने वृत्तपत्रांना दिलेल्या सूचना त्यांनी ईमेलने परदेशी संकेतस्थळाला पाठवल्या होत्या. तपास कशाचा होता हे आपल्याला माहीत नव्हतं, असं याहूच्या प्रतिनिधीने २००६ मध्ये अमेरिकी संसदेत सांगितलं. पुढच्या वर्षी उघड झालं, की पोलिसांच्या कागदावर परदेशी संस्थांना राज्यगुपितं पुरवल्याचा संशय स्पष्ट लिहिलेला होता. चीनमध्ये पत्रकारांवर हा आरोप लागतो हे ठाऊक असलेल्या माणसाच्या हाती तो कागद पडला असता, तर तो थेट वरच्या पातळीवर गेला असता. स्थानिक कायदा विभागाने नेहमीचं काम म्हणून तो निकाली काढला.

तरीही मूळ प्रश्न कागद कसा वाचला हा नव्हे. बीजिंगमध्ये कर्मचारी आणि हातात माहिती असताना नोटीस नाकारणं म्हणजे त्या कर्मचाऱ्यांना धोक्यात घालणं होतं. ही कोंडी टाळायची असेल तर आधीच टाळावी लागते. ‘गूगल’ने जानेवारी २००६ मध्ये चीनसाठी सेन्सॉर केलेला शोध सुरू केला, आणि त्यावर टीका झाली ती योग्यच होती. मात्र जीमेल आणि ब्लॉगर तिथे आणायचे नाहीत हेही तेव्हाच ठरलं होतं, कारण वैयक्तिक माहिती चिनी पोलिसांच्या कक्षेत आली असती. ही शोधसेवा गूगलने २०१० मध्ये मागे घेतली, तेव्हा मागे कुणाचीही पत्रं उरली नव्हती. याहूही यातून शिकली. व्हिएतनामी भाषेतली सेवा सुरू करण्याआधी मानवी हक्कांच्या बाजूने पाहणी झाली आणि ती सेवा सिंगापूरमधून चालवायचं ठरलं.

‘ॲपल’चा प्रवास उलट्या दिशेने झाला. चीनमधल्या ग्राहकांचं आयक्लाउड फेब्रुवारी २०१८ पासून गुईझोउ प्रांतातली सरकारशी संबंधित कंपनी चालवते आणि सांकेतिकरणाच्या किल्ल्याही चीनमध्ये ठेवल्या जातात. त्याआधी चिनी यंत्रणेला अमेरिकी कायद्याच्या वाटेने यावं लागे. कंपनीचं धोरण कागदावर तेच राहिलं, तरी किल्लीची जागा बदलल्याने संरक्षण बदललं. याउलट ‘सिग्नल’ या संदेश ॲपला २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयामार्फत माहिती मागितली गेली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच देता आलं, कारण बाकी काही त्यांच्याकडे नव्हतंच. जी माहिती साठवलेली नाही ती कुठलंही सरकार मागून नेऊ शकत नाही. माझ्या मते बाकी सगळ्या धोरणांपेक्षा हे एक पाऊल अधिक मोलाचं आहे.

सर्व्हर बाहेर ठेवले तरी माणसं आत असतात, हे सरकारांनाही कळलंय. रोज ५ लाखांहून अधिक रशियन वापरकर्ते असलेल्या परदेशी कंपनीने रशियात कार्यालय उघडलंच पाहिजे, असा कायदा तिथे २०२१ मध्ये आला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या निवडणुकीत ॲपल आणि गूगलने विरोधी नेते नवाल्नी यांच्या गटाचं मतदान ॲप हटवलं, कारण स्थानिक कर्मचाऱ्यांवर खटले भरण्याची धमकी दिली गेली होती.

सीमारेषेवरचे प्रकार

रशियातल्या ‘सॉर्म’ पद्धतीत मोबाइल कंपनी माहिती सांभाळते, पण मागणी तिच्यापर्यंत येतच नाही. सुरक्षा सेवेच्या केंद्राला थेट जोडलेलं उपकरण कंपनीला स्वतःच्या जाळ्यात बसवावं लागतं आणि कुणाचं संभाषण ऐकलं जातंय हे तिला दिसत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये रोमान झाखारोव खटल्यात याच मुद्द्यावर बोट ठेवलं: कंपनीला न्यायालयाचा आदेश दाखवावा लागत नाही आणि यंत्रणेत टॅपिंगची नोंदही राहत नाही. अशा देशांतल्या कंपनीने ‘आमच्याकडे इतक्या मागण्या आल्या’ असा पारदर्शकता अहवाल दिला, तर त्यातल्या शून्याचा अर्थ पाळत नाही असा होत नाही. ‘व्होडाफोन’ने २०१४ च्या अहवालात काही देशांत यंत्रणांना असा थेट प्रवेश असल्याचं मान्य केलं होतं, आणि हे सांगणं कुठल्याही आकड्यापेक्षा उपयोगी होतं.

दुसरं टोक ‘एनएसओ’ या इस्रायली कंपनीचं. आपण फक्त ‘पेगासस’ हे स्पायवेअर विकतो, वापर सरकार करतं, अशी तिची भूमिका. २०१९ मध्ये सुमारे १,४०० फोनवर झालेल्या हल्ल्यांवरून ‘व्हॉट्सॲप’ने खटला भरला. ग्राहक फक्त नंबर देतो आणि बाकी सगळं एनएसओची यंत्रणा करते, असं व्हॉट्सॲपने अमेरिकी न्यायालयात मांडलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरलं. विक्रेता स्वतःच यंत्रणा चालवत असेल, तर ‘मी नुसती वस्तू विकली’ म्हणण्याचा आधारच सुटतो.

निघून जाताना

सर्वांत मोठा फरक इथे दिसतो आणि सर्वांत कमी चर्चा याचीच होते. विक्रेता गेला, की यंत्रणा हळूहळू निकामी होते. इटलीची ‘एरिया’ कंपनी २०११ मध्ये सीरियात पाळत केंद्र उभारत होती, ती मध्येच बाहेर पडली आणि काम अपुरं राहिलं. बेलारूसमध्ये ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीनंतर इंटरनेट अडवण्यासाठी आपलं सॉफ्टवेअर वापरलं गेलं, असं सांगत ‘सँडवाइन’ या नेटवर्क यंत्रणा विकणाऱ्या कंपनीने सप्टेंबरमध्ये करार रद्द केला. अद्ययावत आवृत्त्या आणि तांत्रिक मदत थांबली, की अशी यंत्रणा नवी ॲप्स ओळखण्यात मागे पडते. म्हणून विक्रेत्याकडे ‘ताबडतोब बंद करा’ ही मागणी रास्त असते. त्यासाठी गैरवापर झाल्यास सेवा थांबवण्याचं कलम करारात पहिल्या दिवसापासून हवं.

सांभाळणाऱ्या कंपनीकडे हीच मागणी केली तर उलटा परिणाम होऊ शकतो. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली. टॅपिंगची उपकरणं सुरू करण्याचा दबाव आल्यावर नॉर्वेच्या ‘टेलिनॉर’ या मोबाइल कंपनीने जुलैमध्ये आपला व्यवसाय लेबनॉनच्या ‘एम वन’ गटाला १० कोटी ५० लाख डॉलरला विकायचं जाहीर केलं. मार्च २०२२ मध्ये व्यवहार पूर्ण झाला, तेव्हा बहुसंख्य हिस्सा ‘श्वे ब्याइन फ्यू’ या स्थानिक कंपनीकडे गेला. सुमारे १ कोटी ८० लाख ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी कंपनीबरोबरच गेल्या. टेलिनॉरचे हात मोकळे झाले, ग्राहकांचे नंबर मात्र तेच राहिले.

अशा कंपनीला म्हणूनच ‘तुम्ही अजून तिथे का?’ हे विचारण्याआधी विचारायचं, की जुन्या नोंदी किती महिने ठेवता, परवान्यात किमान किती ठेवणं बंधनकारक आहे आणि त्याहून जास्त का ठेवता. विकत घेणारा कोण, त्याच्यामागे कोण, आणि हस्तांतराआधी काय पुसता येईल, हे प्रश्न त्यानंतरचे. म्यानमारमधल्या ४७४ नागरी संस्थांच्या वतीने बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या नॉर्वेतल्या ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) संपर्क केंद्राकडे जुलै २०२१ मध्ये तक्रार गेली, ती टेलिनॉर तिथे असण्याबद्दल नव्हती. कंपनी ज्या पद्धतीने बाहेर पडत होती, तिच्याबद्दल होती.