रूट कॅनाल : जिथे फाईल पोहोचत नाही

रूट कॅनाल करताना डॉक्टर बारीक फाईलने दाताच्या मुळातली नलिका खरवडून काढतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मधूनमधून सिरिंजने आत सोडल्या जाणाऱ्या, क्लोरीनचा वास येणाऱ्या द्रवाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. जंतू मारण्याचे काम बरेचसे त्याच्याच जिवावर चालते. मायक्रो-सीटीने (अतिसूक्ष्म क्ष-किरण स्कॅनने) फाईल चालवण्याआधीची आणि नंतरची नलिका ताडून पाहिली, तेव्हा भिंतीच्या एक तृतीयांशाहून अधिक भागाला फाईल लागलेलीच नव्हती. नलिका सरळ आणि गोल नसतेच. ती चपटी होते, वळते, तिला फाटे फुटतात. भोवतालच्या डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या एनॅमलखालच्या कठीण भागात, तर सूक्ष्म नळ्यांचे जाळेच असते. मज्जेलगत, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ ऊतकालगत, त्यांची रुंदी सुमारे अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपास. त्यांना तिथे ऐसपैस जागा मिळते.

मग आत कोणता द्रव सोडायचा? जुना आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा द्रव म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धात 0.5 टक्क्याचे द्रावण जखमा धुवायला वापरत; दातात 0.5 पासून 6 टक्क्यांपर्यंत वापरतात. ते जंतू मारते, आणि मेलेली मज्जाही विरघळवते. हा दुसरा गुण नेहमीच्या इतर द्रवांत नाही. जंतू सुटे तरंगत नसतात, ते बायोफिल्मच्या चिकट थरात दडलेले असतात. तो थर आणि त्यांचे खाद्य जागेवरच राहिले, तर नुसते जंतू मारून फार काही साधत नाही.

क्लोरहेक्सिडीन हा त्याचा प्रतिस्पर्धी. 2 टक्क्याचे द्रावण डेंटिनला चिकटून राहते आणि धुतल्यावरही काही काळ काम करते. पेट्री डिशमधल्या (जेलीवर जंतू वाढवायच्या प्रयोगशाळेतल्या ताटलीतल्या) चाचणीत ते अनेकदा हायपोक्लोराइटच्या बरोबरीने उतरते, कधी वरचढही ठरते. पण त्या चाचणीत औषधाभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मोजतात, आणि द्रव जेलीत किती पसरतो यावरही ते वर्तुळ अवलंबून असते. दातात जेली नसते. तिथे डेंटिन आणि सडलेले ऊतक औषधाचा जोर कमी करतात. शिवाय या चाचण्यांत बहुधा ‘एंटेरोकॉकस फीकॅलिस’ हा एकच जिवाणू घेतात. रूट कॅनाल फसलेल्या दातांत तो वारंवार सापडतो, उपासमार सोसतो, म्हणून तो निवडणे समजू शकते. पण पहिल्यांदाच संसर्ग झालेल्या दातात ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या अनेक जातींची सरमिसळ असते. म्हणून ‘अमुक द्रव सर्वांत प्रभावी’ असा निष्कर्ष वाचला की मी आधी चाचणी कशावर केली ते पाहतो.

तिसरा द्रव ईडीटीए, साधारण 17 टक्के. जंतू मारण्यात तो कच्चाच. मात्र फाईलने घासल्यावर भिंतीवर जो भुकटीचा लेप बसतो, त्यातले कॅल्शियम तो धरून काढतो. सूक्ष्म नळ्यांची तोंडे मोकळी होतात, आणि ते हायपोक्लोराइटला जमत नाही. पण दोन्ही एकत्र मिसळले तर हायपोक्लोराइटमधला जंतू मारणारा क्लोरीन झटकन संपतो, म्हणून ते आळीपाळीने वापरायचे. हायपोक्लोराइटवर थेट क्लोरहेक्सिडीन घातले तर तपकिरी गाळ तयार होतो आणि तो नळ्यांत अडकतो. त्यामुळे मध्ये पाण्याने किंवा सलाईनने धुतात.

हायपोक्लोराइट जितके तीव्र तितके चांगले का? ऊतक लवकर विरघळते, हे खरे. पण 1980च्या दशकात स्वीडनमध्ये रुग्णांवर केलेल्या अभ्यासात 0.5 आणि 5 टक्के द्रावणांत जंतू मारण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही. आतला क्लोरीन वापरात खर्च होतो, म्हणून ताजा द्रव पुन्हा पुन्हा देणे आणि अल्ट्रासोनिक कंपनांनी तो हलवत ठेवणे महत्त्वाचे. तीव्र द्रावण मुळाच्या टोकाबाहेर गेले तर भयंकर वेदना, सूज आणि रक्तस्राव होतो. म्हणूनच सुई नलिकेत रुतू न देता द्रव हळू सोडतात, आणि बाजूला छिद्र असलेली सुई पसंत करतात.

प्रयोगशाळेपलीकडचा पुरावा तुटपुंजा आहे. 2012च्या कॉक्रेन आढाव्यात (उपलब्ध वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) कोणत्याही एका द्रवाला श्रेष्ठ म्हणण्याइतका आधार मिळाला नाही. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका मोठ्या अभ्यासात रुग्णांचे दात पुढे काही वर्षे तपासले गेले. पुन्हा रूट कॅनाल करावे लागलेल्या दातांत ईडीटीएची जोड दिल्यावर बरे होण्याची शक्यता वाढलेली दिसली. हायपोक्लोराइटच्या जोडीला क्लोरहेक्सिडीन वापरलेल्या दातांत मात्र यश कमीच आढळले.