एसचा आकडा आणि विम्बल्डनचं गवत

टेनिसमध्ये एस म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला न लागता थेट पॉइंट मिळवून देणारी सर्व्हिस. समोरच्याच्या रॅकेटच्या कडेला बॉल नुसता चाटून प्रेक्षकांत गेला तरी तो एस धरत नाहीत, पॉइंट मिळतो पण एसच्या खात्यात जमा होत नाही. हे आधी सांगितलं कारण पुढे सगळे आकडेच येणारेत, आणि रिटर्न करणारा जरा चपळ असला की तीच सर्व्हिस, तोच वेग, पण एस नाही.

जुना काळ पटकन उरकतो. सुरुवातीला सर्व्हिस म्हणजे नुसता खेळ सुरू करायची रीत होती, पार 1960 च्या आसपासपर्यंत सर्व्हिस करताना एक पाय जमिनीला टेकलेला लागायचा. तो नियम सुटला, उडी मारून मारायची मुभा मिळाली, मग ऐंशीच्या दशकात लाकडी रॅकेट जाऊन ग्राफाइट आलं आणि उंच पोरांचं फावलं. पुरुषांच्या टूरवर एसची पद्धतशीर मोजणीच 1991 पासूनची, त्यामुळे आधीच्या दिग्गजांचे आकडे यादीत नाहीत.

खरी गंमत नव्वदच्या दशकात. 1991 च्या विम्बल्डन सेमीफायनलला एक स्वीडिश खेळाडू अख्ख्या मॅचमध्ये स्वतःच्या सर्व्हिसचा एकही गेम न गमावता हरला, तीन टायब्रेक (सेट बरोबरीत अडकला की निकाल लावणारा गेम) गेले आणि विषय संपला. 1996 मध्ये एका डावखुऱ्या क्रोएशियनने एका सीझनमध्ये 1477 एस मारले. लोक कंटाळले, रॅली कुठेय म्हणून ओरड सुरू झाली.

आणि मग तो गवताचा निर्णय, ज्यावर अजून भांडणं होतात. 2001 पासून विम्बल्डनला 100 टक्के रायग्रास पेरायला लागले, आधी 70 टक्के रायग्रास आणि 30 टक्के फेस्क्यू असायचं, या दोन्ही गवताच्याच जाती. आयोजकांचं म्हणणं, कोर्ट दोन आठवडे टिकावं म्हणून केलं, वेग कमी करायचा हेतू नव्हता. सर्व्ह अँड व्हॉलीवाले, म्हणजे सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावणारे, म्हणतात आमचा खेळ मुद्दाम मारला, आणि पुरावा म्हणून 2002 ची फायनल दाखवतात, जिथे दोघंही बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला, चिकटून होते. जमीन कडक झाली, बॉल जास्त उसळायला लागला, हे खरंच. पण बदल झाला त्याच 2001 च्या वर्षी कोण जिंकलं तर तोच क्रोएशियन, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर येऊन, स्पर्धेत दोनशेच्या वर एस ठोकून! गवताने एस संपवला म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. माझ्या मते गवताला जरा जास्तच बदनाम केलंय, रॅकेटला पॉलिएस्टरच्या तारा आल्या, बॉलला भरपूर स्पिन देऊन रिटर्न आणि पासिंग शॉट (नेटवर आलेल्याच्या बाजूने काढलेला फटका) मारता यायला लागले आणि नेटकडे धावणं महाग पडायला लागलं, हे कोणी बोलत नाही.

एस तर उलट वाढतच गेला. 2010 ला त्याच गवतावर तीन दिवस चाललेली 11 तास 5 मिनिटांची मॅच, शेवटचा सेट 70-68, जिंकणाऱ्याचे 113 एस, हरणाऱ्याचे 103. त्याच्या आदल्या वर्षी डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशादेशांतल्या स्पर्धेत, दुसऱ्या एका क्रोएशियनने एका मॅचमध्ये 78 मारले आणि तोही हरला. तोच पठ्ठ्या 2019 ला पुण्यात बालेवाडीला फायनल खेळला, वय 39, तिन्ही सेट टायब्रेकला, 36 एस, आणि परत हार. महिलांमध्ये 2012 च्या विम्बल्डनला चॅम्पियनचे पूर्ण स्पर्धेत 102 एस होते, यावर मात्र कोणी कंटाळवाणं म्हणून ओरडल्याचं आठवत नाही.

आता 113 चा आकडा मोडणं अवघडच दिसतंय, कारण 2019 ला विम्बल्डनने शेवटच्या सेटला 12-12 वर टायब्रेक आणला आणि 2022 पासून चारही ग्रँड स्लॅमना 6-6 झालं की 10 पॉइंटचा टायब्रेक होतो, म्हणजे मॅच तेवढी लांबतच नाही.