उतारावर स्टिअरिंग कुणीकडे?

आडव्या उतारावर गाडी कलायला लागली की हात आपोआप स्टिअरिंग चढाकडे ओढतात. घात होतो तो तिथेच.

नागपूरहून काटोलकडे निघावं आणि डांबर सोडून एखाद्या पांदणीत शिरावं. एका अंगाला धुरा म्हणजे शेताचा बांध, दुसऱ्या अंगाला नाली, मधे बैलबंडीच्या चाकोऱ्या. संत्र्यांचे क्रेट टपाच्या वर रचलेली पिकअप इथून जाते, तेव्हा तिच्या गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडलाय असं समजा. ओळंबा चाकांच्या चौकटीत आहे तोवर गाडी उभी. चौकटीबाहेर गेला की आडवी.

समजा, डाव्या-उजव्या चाकांत अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर. हिशेबाने ही गाडी ४७ अंशांपर्यंत कलू शकते. मालामुळे तोच मध्य ९० सेंटिमीटरवर गेला की मर्यादा ४० अंशांवर येते. खालचं चाक २० सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं, तर आणखी सात-आठ अंश गेले. खालच्या बाजूचे टायर आणि स्प्रिंगचे पाटे दबतात ते वेगळंच. कागदावरचा कोन शेतात कधीच मिळत नाही.

आता स्टिअरिंग. नागपुरात बर्डीच्या वळणावर सिटी बसमध्ये आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो, तसंच गाडीचं. ताशी २० किलोमीटर वेगाने १० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर हा रेटा गाडीच्या वजनाच्या तीन दशांशांएवढा भरतो. वेग दुप्पट, तर रेटा चौपट. चढाकडे वळलात की तो उताराकडे ढकलतो, म्हणजे कलंडणाऱ्या गाडीला आपणच हात लावतो. उताराकडे वळवलं की रेटा चढाकडे जातो आणि नाकही खाली येतं. गाडी रुंदीपेक्षा लांबीला जास्त असते, त्यामुळे त्या दिशेने ती सहज उलटत नाही. अर्थात, खाली नाला किंवा विहीर नाही हे आधी उतरून पाहिलेलं असावं.

पावसाळ्यात काळ्या मातीची वेगळीच तऱ्हा. पाणी पिऊन ती फुगते, निसरडी होते आणि गाडी आडवी घसरते. तशात चाक चाकोरीच्या काठाला अडलं की खालचा भाग थांबतो, वरचा पुढे जातो. असं उलटायला मोठा उतारही लागत नाही.

आणि समोरच्या चढावर दम तुटला, तर गाडी तिथे फिरवू नका. रिव्हर्स टाका, क्लच सोडलेला ठेवा आणि जशी चढली तशीच सरळ खाली आणा. मागे चार पोरं हसत उभी असली तरी.