सिंथेटिक कापूर म्हणजे नक्की काय?

गणेश चवथ जवळ आली की तो मेसेज फिरायला लागतो, सिंथेटिक कापूर पेट्रोलपासून बनवतात, देवापुढे जाळू नका, भीमसेनीच घ्या, आणि खाली हात जोडलेले. म्हापशाच्या बाजारात मग बायका दुकानदाराला विचारतात, भाऊ हा सिंथेटिक नाही ना.

साडी सिंथेटिक म्हटलं की रेशमाच्या जागी पॉलिएस्टर, दूध सिंथेटिक म्हटलं की सरळ भेसळ, पण केमिस्ट्रीवाला सिंथेटिक म्हणतो तेव्हा रेणू कारखान्यात तयार झाला एवढंच, रेणू तोच असू शकतो. कापराच्या डबीवरचा सिंथेटिक हा तिसऱ्या जातीचा.

आणि तो येतो झाडापासूनच. चीडसारख्या पाइनच्या झाडांना खाचा मारून राळ काढतात, तिच्यातून टर्पेंटाइन, तेच रंगवाले वापरतात ते. त्यात अल्फा-पायनीन असतं, 10 कार्बन आणि 16 हायड्रोजन. या रेणूत चार कार्बनचं एक छोटं कडं आहे आणि ते कायम ताणात असतं, कारण कार्बनला आपले बंध 109 अंशांच्या आसपास हवे असतात आणि चौकोनी कड्यात ते 90 च्या जवळ दाबले जातात. आम्ल प्रकारचा कॅटलिस्ट दिला की त्याच्यातून एक हायड्रोजन आयन चिकटतो, शेजारचा कार्बन धन होतो, आणि ताणलेल्या कड्यातला एक बंध उठून त्या धन कार्बनकडे सरकतो. चौकोन मोडतो, त्याचं पाच कार्बनचं कडं होतं, ताण जातो. बाहेरून एकही कार्बन आला नाही, गेला नाही, नुसता सांगाडा बदलला! याला वॅगनर-मीरवाइन पुनर्रचना म्हणतात आणि मला विचाराल तर अख्ख्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीत याच्याइतकं देखणं काही नाही. यातून कॅम्फीन मिळतं, त्याला अॅसेटिक अॅसिड जोडलं की आयसोबोर्निल अॅसिटेट (कापरातला एकुलता एक ऑक्सिजन इथे येतो), त्यातून आयसोबोर्निओल, त्याचे दोन हायड्रोजन काढले की कापूर.

फरक आहे, नाही असं नाही. कापराचा रेणू डाव्या-उजव्या हातांसारखा, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांत असतो. कापराच्या झाडातला कापूर बहुतेक एकाच हाताचा असतो, ध्रुवीकृत प्रकाशाचं (एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाचं) प्रतल उजवीकडे वळवतो. कारखान्यातल्या या सरकासरकीत डावे-उजवे रेणू साधारण निम्मे-निम्मे होतात आणि दोघांचं वळवणं एकमेकांना मारतं. डाव्या-उजव्या चपला एकाच ढिगात, तसं. पण जाळल्यावर दोन्हींचा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि काजळीच होते. ज्योतीवर स्टीलचा चमचा धरून बघा, काळाकुट्ट होतो, कापूर कुठलाही असो. म्हणून काळं पडलं की सिंथेटिक ही टेस्ट बिनकामाची. ताटलीत राख उरली तर आणखी काहीतरी मिसळलंय, बस्स.

फिनलंडच्या गुस्ताफ कोम्पाने 1903 मध्ये प्रयोगशाळेत कापूर बनवला तेव्हा तैवानची कापराची झाडं जपानच्या ताब्यात होती आणि सेल्युलॉइड या सुरुवातीच्या प्लास्टिकसाठी जगाला कापूर हवा होता. पूजेचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता.

2021 मध्ये कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो असं सांगणारेही हेच मेसेजवाले. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. आणि पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, मग तो झाडाचा असो की फॅक्टरीचा.

राहिला भीमसेनी. खरा भीमसेनी हा मुळात कापूर नाहीच, बोर्निओल आहे, सुमात्रा-बोर्निओकडच्या वेगळ्याच झाडातला. डबीवर भीमसेनी लिहिलंय म्हणून आत तोच असेल याची गॅरंटी मी देणार नाही. आणि कारखान्यातलं ते शेवटून दुसरं आयसोबोर्निओल, ते याचंच भावंड, फक्त ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी एकात वर तर दुसऱ्यात खाली.